चौथी गोळी

“तीनच्या चार गोळ्या केल्या, एवढंच. मग दोन आठवड्यांनी बाबांचा तोल का जायला लागला?” ज्या घरात कुणाला फिटचं औषध चालू आहे, त्या घरातून हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या मागोमाग दुसरा येतो. लॅबच्या रिपोर्टवर ‘फेनिटॉइन लेव्हल २८’ असं आलंय, शेजारी १० ते २० छापलंय, आकडा लाल आहे. आता गोळी बंद करायची का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण तिथे घाई असते. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. फिटचं औषध एकदम थांबवलं तर एकामागून एक फिट येत राहण्याचा धोका असतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना रिपोर्ट कळवायचा, पुढचा डोस किती आणि कधी हे त्यांनीच सांगायचं. पेशंट गुंगीत असेल, हाक मारूनही नीट जागा होत नसेल, तर फोनाफोनीत वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल गाठायचं.

पहिल्या प्रश्नाला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल.

१. ‘१० ते २०’ हे आलं कुठून?

एप्टॉइन, डायलँटिन ही दुकानातली नावं. आतलं औषध एकच, फेनिटॉइन. हाइनरिश बिल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १९०८ मध्ये तयार केलं, पण त्याचा उपयोग कुणाला ठाऊक नव्हता. १९३८ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला मेरिट आणि पटनम या दोघांनी ते फिट थांबवतं हे दाखवलं. तोवर डॉक्टरांच्या हातात मुख्यतः ब्रोमाइड आणि फिनोबार्बिटोन होतं, म्हणजे आपल्याकडचं गार्डिनल. दोन्ही पेशंटला पेंगुळलेलं ठेवत. फेनिटॉइनने झोप न आणता फिट आवरल्या, त्यामुळे ते जगभर पसरलं.

पण किती द्यायचं? सुरुवातीची बरीच वर्षं उत्तर अंदाजानेच मिळत होतं. फिट थांबेपर्यंत वाढवायचं, पेशंट झोकांड्या खायला लागला की कमी करायचं. रक्तातलं औषध मोजायची सोय झाल्यावर १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या हेन कुट आणि सहकाऱ्यांनी पातळी आणि लक्षणं एकमेकांशी ताडून पाहिली. साधारण २० च्या वर गेल्यावर नजर बाजूला वळवली की बुबुळं थरथरायला लागतात. ३० च्या आसपास चालताना तोल जातो, पाय फाकून चालावं लागतं, जीभ जड होते. ४० च्या पुढे गुंगी आणि गोंधळ. आजही न्यूरॉलॉजिस्ट पेशंटला बोटाकडे बघायला सांगतात आणि एका रेषेत चालायला लावतात ते याचसाठी. रिपोर्ट यायच्या आधीच त्यांना निम्मं उत्तर मिळालेलं असतं.

हे आकडे रक्ताच्या एका मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये असतात, म्हणजे एका लिटरमागे इतके मिलिग्रॅम. नातेवाईक कॅनडात असेल आणि त्याच्या रिपोर्टवर ६० दिसलं तर घाबरू नका. तिथे वेगळ्या एककात मोजतात आणि फेनिटॉइनपुरतं त्या आकड्याला चाराने भागायचं असतं. त्याचे ६० म्हणजे आपले १५.

एक गोष्ट मात्र रिपोर्टवर कुठेच लिहिलेली नसते. १० ते २० हा पट्टा पुष्कळ माणसं पाहून काढलेला आहे. १० च्या खाली बऱ्याच जणांना फिट येत राहतात, २० च्या वर बऱ्याच जणांना त्रास सुरू होतो, एवढाच त्याचा अर्थ. ७ वर वर्षानुवर्षं एकही फिट न आलेला माणूस असतो, तसा २२ वर ठणठणीत असलेलाही असतो. पहिल्याचा डोस वाढवणं आणि दुसऱ्याचा कमी करणं, दोन्ही केवळ कागदावर उपचार करणं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. लाल शाई मशीन आपोआप लावतं. समोरचा माणूस त्या मशीनने पाहिलेला नसतो.

२. गायमुखची रांग

आता चौथ्या गोळीकडे येऊ. आपला साधा हिशेब असा असतो की औषध एक तृतीयांशाने वाढलं, तर रक्तातली पातळीही एक तृतीयांशाने वाढेल. आठ असेल तर साडेदहा होईल. बहुतेक औषधं या हिशेबाने वागतात. फेनिटॉइन वागत नाही.

घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला याचं कारण लगेच कळेल. माजिवड्याकडून गुजरातकडे जाणारे ट्रक, कंटेनर, टँकर गायमुखच्या घाटात येतात आणि रस्ता अरुंद होतो. समजा, त्या घाटातून मिनिटाला जास्तीत जास्त ४२ गाड्या बाहेर पडू शकतात. मिनिटाला २५ गाड्या येत असतील तर वाहतूक सुरळीत. ३५ आल्या की थोडी गर्दी, पण सरकत राहते. ४० यायला लागल्या की आकडा अजून क्षमतेच्या आतच असतो, तरी रांग कासारवडवलीपर्यंत जाते, मग वाघबीळ, मग पातलीपाडा. आणि ४३ झाल्या तर रांग कुठे थांबेल हे कुणीच सांगू शकत नाही. ती वाढतच राहते.

फेनिटॉइनचा घाट म्हणजे आपलं यकृत. यकृतातली काही एन्झाइम्स हे औषध मोडून शरीराबाहेर टाकण्याजोगं करतात. पण त्यांची दिवसाची क्षमता ठरलेली आहे आणि नेहमीच्या डोसलाच ती संपत आलेली असते. रक्तातली पातळी म्हणजे घाटापुढे थांबलेली रांग.

आकड्यांत बघू. पाठ्यपुस्तकांत मोठ्या माणसांसाठी जे सरासरी आकडे देतात, तेच ६० किलोच्या माणसाला लावतो. त्याचं यकृत दिवसाला फार तर ४२० मिलिग्रॅम फेनिटॉइन निकालात काढू शकतं. १०० मिलिग्रॅमच्या गोळीत फेनिटॉइन सोडियम असतं, त्यातलं खरं फेनिटॉइन सुमारे ९२. रोज तीन गोळ्या घेतल्या तर त्याची पातळी ८ च्या जवळ स्थिरावते. साडेतीन घेतल्या तर १३. चार घेतल्या तर २८.

अर्ध्या गोळीने पातळी पाचने वाढली. पुढच्या अर्ध्या गोळीने पंधराने. गोळी तीच, अर्धी ती अर्धीच, पण दुसऱ्या वेळी ती भरलेल्या घाटात शिरली. म्हणून अनुभवी डॉक्टर अमुक पातळीनंतर शंभराची गोळी वाढवत नाहीत, पंचवीस-पन्नास मिलिग्रॅमच्या पावलाने जातात. घरच्यांना तो चिक्कूपणा वाटतो. तो नसतो.

हे आकडे सरासरीचे आहेत. काहींच्या यकृतातला हा रस्ता जन्मतःच अरुंद असतो आणि अशांना तीन गोळ्याही जास्त होतात. वय वाढलं की तो आणखी अरुंद होत जातो. पंचेचाळिशीत सोसलेला डोस सत्तरीत सोसेलच असं नाही, हे वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी दाखवून औषध आणणाऱ्या घरांनी विशेष लक्षात घ्यायला हवं.

३. रक्त कधी द्यायचं?

चौथी गोळी सोमवारी सुरू झाली. शुक्रवारी सकाळी रक्त दिलं. आकडा आला साधारण १४, पट्ट्याच्या अगदी मधोमध. सगळे निश्चिंत. वरच्याच माणसाचा हिशेब पुढे नेला तर काय दिसतं? बारा-तेरा दिवसांनी पातळी २० ओलांडते आणि महिन्यानंतरही हळूहळू चढतच असते. रांग एका दिवसात वाघबीळला पोचत नाही. तोवर गोळी वाढवल्याची गोष्ट घरात सगळे विसरलेले असतात, आणि बाबांची झोकांडी वयावर, बीपीवर, पाण्यातल्या दोषावर घातली जाते. बाहेरच्यांचा तर थेट दारूवरच संशय जातो, कारण जड जीभ आणि फाकलेली चाल दोन्हीकडे सारखीच दिसते.

म्हणून डोस बदलल्यावर फेनिटॉइनची लेव्हल दोन-तीन आठवड्यांनी बघतात आणि गरज पडली तर पुन्हा एकदा. त्रास आधीच दिसला तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी रक्त द्यायचं. प्रत्येक औषधाची ही वाट वेगळी असते. गार्डिनल शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे चार दिवस लागतात, म्हणून तिथे तीन आठवडे थांबावं लागतं. व्हॅल्प्रोएट तीन-चार दिवसांत स्थिरावतं. कार्बामाझेपिनची तर गंमतच आहे. ते स्वतःला मोडणारी एन्झाइम्स स्वतःच वाढवतं, म्हणजे आपला घाट आपणच रुंद करतं. पहिल्या आठवड्यात आलेला चांगला आकडा महिन्याभरात त्याच डोसवर खाली येतो.

दिवसातली वेळही महत्त्वाची. गोळी घेतल्यावर काही तासांनी पातळी वर असते, पुढच्या गोळीआधी सर्वांत खाली. छापलेल्या पट्ट्याशी ताडायला सहसा हा खालचाच आकडा घेतात. म्हणून सकाळची गोळी न घेता लॅबमध्ये जायचं, गोळी सोबत न्यायची आणि रक्त दिल्याबरोबर घ्यायची. शंका त्रासाची असेल तर उलट करावं लागतं. गोळी घेतल्यावर काही तासांनी डोळ्यांपुढे दोन-दोन दिसत असतील तर त्याच वेळचं रक्त घेतलं तर काही कळेल. माझ्या मते लॅबच्या रिपोर्टवर ‘शेवटची गोळी किती वाजता घेतली’ हा रकाना सक्तीचा हवा. पुष्कळ रिपोर्टांवर तो नसतो. आपणच पेनने लिहून टाकावं.

४. शंखपुष्पीची बाटली

परळच्या केईएम रुग्णालयातला क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभाग रक्तातली औषधपातळी मोजून डोस ठरवून देण्याचं काम फार आधीपासून करत आला आहे. डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या नेतृत्वाखाली तिथे हे काम उभं राहिलं. तिथे एक विचित्र गोष्ट नजरेस आली. दोन पेशंट, दोघेही फेनिटॉइनवर. डोस बदललेला नाही, तरी फिट पुन्हा सुरू झाल्या, आणि रक्तातली पातळी खाली गेलेली.

अशा वेळी पहिला संशय गोळ्या चुकवल्याचा येतो, आणि बहुधा तोच खरा असतो. इथे वेगळंच निघालं. दोघेही सोबत शंखपुष्पीचं आयुर्वेदिक औषध घेत होते. शंखपुष्पी आपल्याकडे बुद्धीसाठी, स्मरणशक्तीसाठी मुलांनाही देतात, आणि फिटसाठीही ती सांगितलेली आहे. फिट येणाऱ्या पेशंटच्या घरी तिची बाटली असणं अगदी साहजिक.

विभागाने मग उंदरांवर प्रयोग करून पाहिले आणि १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केले. शंखपुष्पीत स्वतःचा थोडा फिटविरोधी गुण होता. पण काही दिवस ती फेनिटॉइनसोबत दिली की फेनिटॉइनची रक्तातली पातळी उतरायची आणि फिट आवरण्याची त्याची ताकदही कमी व्हायची. दोन्ही औषधं फिटचीच, आणि एकत्र दिली तर एक दुसऱ्याला मारक. ही जोडी टाळावी, असं त्यांनी सुचवलं.

आयुर्वेद की अ‍ॅलोपथी या भांडणात ही गोष्ट ओढण्यात काही हशील नाही. मुद्दा असा की ‘आणखी काही घेता का?’ या प्रश्नाला घरचे ‘नाही’ म्हणतात, कारण सिरप, काढा, चूर्ण यांना ते औषध समजत नाहीत. आता उलटी बाजू पाहा. शंखपुष्पी चालू असताना पातळी कमी आली म्हणून डॉक्टरांनी फेनिटॉइन वाढवलं, आणि महिन्याने बाटली संपली म्हणून घरच्यांनी ती बंद केली. वाढवलेला डोस आता एकटाच उरला. पुढे काय होईल ते दुसऱ्या भागात आलंच आहे.

५. टीबीची गोळी

आपल्या भागात याहून जास्त वेळा गाठ पडते ती टीबीच्या औषधाशी. आयसोनियाझिड हे टीबीवरचं जुनं औषध यकृतातला फेनिटॉइनचा रस्ता अडवतं. हेन कुट यांनीच १९६६ मध्ये ते नोंदवलं. आयसोनियाझिड काहींच्या शरीरातून लवकर जातं, काहींच्या हळू. हळूवाल्यांमध्ये ही अडवणूक जास्त होते, आणि भारतात असे लोक पुष्कळ आहेत. पूर्ण टीबीचा कोर्स चालू असेल तर त्यात रिफॅम्पिसिनही असतं. ते उलट रस्ता मोकळा करतं. एक पातळी चढवतं, दुसरं उतरवतं. शेवटी कोण जिंकेल हे त्या पेशंटचं रक्त बघूनच कळतं, तर्काने नाही.

टीबी न झालेल्यांना मात्र अनपेक्षित धोका असतो. घरात कुणाला टीबी झाला की सरकारी कार्यक्रमात सोबत राहणाऱ्यांनाही प्रतिबंधक उपचार देतात, आणि त्यातला एक प्रकार म्हणजे सहा महिने एकटं आयसोनियाझिड. भावाला टीबी, बहीण फेनिटॉइनवर. तिच्या बाबतीत रिफॅम्पिसिनचा उतारा नाही, नुसती अडवणूक आहे. गोळ्या द्यायला आलेल्या आशाताईंना फिटच्या औषधाचं सांगायचं, आणि न्यूरॉलॉजिस्टला टीबीच्या गोळीचं. दोघांनी एकमेकांना विचारावं अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. ते दोन वेगळ्या इमारतींत बसतात.

बुरशीवरचं फ्लुकोनाझोल फेनिटॉइन चढवतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिकं कार्बामाझेपिन चढवतात. खोकल्यासाठी फॅमिली डॉक्टरांकडे गेलात तरी फिटची चिठ्ठी पुढे करा.

६. नऊ असून अठरा

रक्तातलं फेनिटॉइन बहुतेक सगळं, सुमारे ९० टक्के, अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतं. मेंदूत जाऊन काम करतं ते उरलेलं, मोकळं. लॅब मात्र सहसा दोन्हींची बेरीज मोजते.

लिव्हरच्या आजारात, कुपोषणात, आयसीयूत फार दिवस काढल्यावर अल्ब्युमिन कमी होतं. मग चिकटलेलं कमी, मोकळं तेवढंच किंवा जास्त, आणि बेरीज फसवी. डॉक्टर एक ढोबळ सूत्र वापरतात. अल्ब्युमिनला ०.२ ने गुणायचं, त्यात ०.१ मिळवायचं, आणि रिपोर्टच्या आकड्याला त्याने भागायचं. अल्ब्युमिन २ असेल तर ०.५ येतं. रिपोर्टवरचे ९ हे प्रत्यक्षात १८ सारखे वागतात. आकडा ‘कमी’ म्हणून डोस वाढवला तर पेशंट थेट विषबाधेत जातो. सूत्र ढोबळ आहे, किडनी निकामी असेल तर तेही चुकतं. मोकळ्या फेनिटॉइनची वेगळी तपासणी मोठ्या लॅबमध्ये होते, तिचा पट्टा १ ते २.

७. बाकीच्या गोळ्या

व्हॅल्प्रोएटचा नेहमीचा पट्टा ५० ते १०० आहे, पण तिथे आकड्यावर फार विसंबू नये. हाताला कंप, केस गळणं, वजन वाढणं, फार वर गेलं तर प्लेटलेट्स उतरणं हे डोसशी जोडलेलं आहे. पण रक्तातला अमोनिया वाढून आलेली गुंगी लेव्हल पट्ट्यात असताना आणि लिव्हरचे रिपोर्ट बरे असतानाही येऊ शकते. आयसीयूत मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू केलं की व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते आणि डोस वाढवून ती सहसा वर येत नाही. तिथे दुसरं औषध शोधावं लागतं.

गरोदरपणाबद्दल मात्र ठाम बोलायला हवं. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आईच्या सुमारे दहातल्या एका बाळात मोठं जन्मजात व्यंग आढळतं, आणि मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर होणारा परिणाम वेगळाच. डोस जास्त तसा धोका जास्त, पण बाळासाठी सुरक्षित अशी रक्तपातळी सांगता येत नाही. मूल होऊ शकेल अशा वयाच्या मुलीला हे औषध लिहिताना त्यावर बोलणं व्हायलाच हवं, लग्न ठरेपर्यंत थांबून नव्हे. चालू असलेलं औषध मात्र घाबरून बंद करायचं नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायचं. लॅमोट्रिजिनची तऱ्हा उलटी. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांमुळे त्याची पातळी पार निम्म्यावर येऊ शकते, त्यामुळे तिथे वारंवार मोजावं लागतं.

कार्बामाझेपिनचा पट्टा ४ ते १२. दोन-दोन दिसणं, चक्कर ही वर गेल्याची खूण. पण वयस्कर माणूस गोंधळला असेल तर लेव्हलसोबत सोडियमही बघायला हवं, कारण हे औषध सोडियम उतरवतं. लेव्हेटिरॅसिटॅमची लेव्हल क्वचितच लागते. ते किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे क्रिएटिनिनकडे लक्ष ठेवलं तरी पुष्कळ कळतं. त्याने येणारी चिडचिड रक्तात मोजता येत नाही. ती घरच्यांनाच आधी कळते.

आणि अंगावर पुरळ! फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत ताप, पुरळ, तोंडात फोड आले तर लेव्हलची वाट बघू नका. ती अ‍ॅलर्जी आहे, सर्वांत कमी डोसलाही येते आणि जिवावर बेतू शकते. लगेच हॉस्पिटल.

८. कंपनी बदलली तर?

१९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला फेनिटॉइन घेणारे बरेच पेशंट एकाएकी झोकांड्या खायला लागले. डोस तोच, कंपनी तीच, कॅप्सूल तेवढीच. रक्तातली पातळी मात्र चढलेली. शोध घेतल्यावर कळलं की कॅप्सूल भरण्यासाठी औषधासोबत घातली जाणारी निरुपद्रवी पावडर कंपनीने बदलली होती. आधी कॅल्शियम सल्फेट होतं, नंतर लॅक्टोज. कॅल्शियम सल्फेटमुळे थोडं औषध आतड्यातून रक्तात जातच नव्हतं. लॅक्टोज आल्यावर ते जायला लागलं. इतर औषधांत एवढा फरक कुणाच्या लक्षातही आला नसता. फेनिटॉइनमध्ये तेवढ्याने घाट तुंबला.

स्वस्त औषध वाईट असतं असा याचा अर्थ नाही. जन औषधीतलं घ्या, मोठ्या कंपनीचं घ्या, पण फेनिटॉइनच्या बाबतीत जे घ्याल ते सहसा बदलू नका. केमिस्ट ‘सेम कंटेंट आहे’ म्हणतो ते खोटं नसतं. तरी आधीच्या पट्टीचा तुकडा सोबत न्यावा आणि तेच मागावं. नाइलाजाने बदललंच तर तारीख लिहून ठेवावी, डॉक्टरांना सांगावं आणि दोन-तीन आठवड्यांनी लेव्हल करून घ्यावी. लहान मुलांचं पातळ औषध असेल तर प्रत्येक वेळी बाटली जोरात हलवायची. फेनिटॉइन तळाशी बसतं. न हलवता दिलं तर पहिल्या आठवड्यात मुलाला नुसतं पाणीच जातं आणि बाटली संपत आली की दुप्पट औषध.